नव्याने भरलेल्या गाद्या

लातूर, ९ जून २०२०

आज दुकानात चटई टाकून ऐसपैस बसता आलं, यावरूनच काय ते समजावं. एरवी जून लागला की आमच्या गादीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नांदेड, परभणी, जळकोट, कुठून कुठून पोरं लातूरला डॉक्टर व्हायला येतात. बापाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, आईच्या हातात लोणच्याची बरणी आणि पोराच्या तोंडावर आत्ताच डॉक्टर झाल्याचा भाव. डोक्यात काही शिरो न शिरो, डोक्याखाली उशी आणि पाठीखाली गादी प्रत्येकाला लागते. ती अब्बा भरतात. यंदा क्लास बंद, वसतिगृहं बंद. एक पोरगं नाही.

तरी अब्बा रोज शटर वर करतात आणि कापसाच्या ढिगाला पाठ टेकून रस्त्याकडे बघत बसतात. मी म्हटलं, "कुणी येणार नाही." तर म्हणाले, "बंद दिसलं तर येणारा परत जाईल." येणारा!

घरात आम्ही दखनी बोलतो. ही दैनंदिनी मी मराठीत लिहिते, कारण माझी शाळा मराठी होती. दुसरं कारण असं, की घरात ती कुणाला वाचता येणार नाही. अब्बांना सहीपुरतं येतं, अम्मीला तेवढंही नाही. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. केसांत कापूस घेऊन मिळवलेली.

ट्युशन एरियातल्या एका मोठ्या क्लासमध्ये मी समुपदेशक आहे. म्हणजे प्रवेशाच्या टेबलाशी बसून पालकांना सांगायचं, तुमचा मुलगा हुशार आहे. तसं नसलं तर मी म्हणायचे, "मेहनत घेऊ शकेल." सर चिडायचे. पण जे खरं नाही ते माझ्या तोंडून निघतच नाही.

पगार एप्रिलपासून बंद आहे. "लवकरच" म्हणाले आहेत.

१७ जून

आज क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलं. फोन नाही, चिठ्ठी नाही. आधी सरांनी उगवत्या सूर्याचं चित्र टाकलं, खाली 'संकट हीच संधी'. मग आम्हाला एकेकीला काढलं. संधी कुणाची ते चित्रात लिहिलेलं नव्हतं.

आता म्हणे एकच सर कॅमेऱ्यासमोर शिकवणार आणि तीच फीत सगळ्या महाराष्ट्रात पाहिली जाणार. मग बाकीचे सर, टेबलावरच्या मुली, झाडणाऱ्या मावश्या, झेरॉक्सवाले, डबेवाल्या बायका कशाला पाहिजेत? इतकी माणसं एका माणसाच्या घशावर जगत होती, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

अम्मीला सांगितलं नाही. "सुट्टी वाढली" असंही म्हणाले नाही, कारण ते खोटं झालं असतं. काहीच बोलले नाही.

४ जुलै

मामांचा बिलाल चाकणहून परत आला. मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होता, म्हणजे यंत्रात पत्रा घालायचा आणि बाहेर काढायचा. त्याला "कंपनीत आहे" म्हणत. अर्ध्या वाटेपर्यंत चालत आला, हे अम्मी अशा कौतुकानं सांगत होती, जसा हज करून आलाय.

आठवड्यातच त्यानं हातगाडीवर भाजी मांडली. आमच्या गल्लीत आता गवंडी भाजी विकतो, बँडवाला भाजी विकतो, शाळेच्या रिक्षाचा ड्रायव्हर भाजी विकतो. घेणारा कोण, असा प्रश्न एकालाही पडत नाही. एकमेकांची वांगी एकमेकांना विकत बसतात. मी बिलालला हे म्हटलं तर हसला. "तू ये की हिशेबाला. शिकलेली हैस."

अम्मीच्या डोक्यात आमच्या दोघांचं लग्न आहे. त्याच्याशी बोलताना मी उभीच राहते, म्हणजे तिला आशा लागायला नको.

२२ ऑगस्ट

पुण्याच्या कुठल्या तरी संस्थेतून एका बाईंचा फोन. महामारीचा रोजगारावर काय परिणाम झाला, त्याची पाहणी. आवाज मोठा गोड.

"गेल्या सात दिवसांत वडिलांनी किमान एक तास काम केलं का?"

"दुकान उघडून बसले. गिऱ्हाईक आलं नाही."

"पण बसले ना?"

"बसले."

"मग काम केलं. स्वयंरोजगार. आई?"

"उशा भरायची. आता उशाच नाहीत."

"म्हणजे सध्या घरकाम. आणि तुम्ही? काम शोधताय का?"

"शोधायला जायचं कुठं? सगळंच बंद आहे."

"म्हणजे शोधत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मला नोकरी पाहिजे आहे." त्या म्हणाल्या, "हो हो, पण शोधत नाही असंच लिहावं लागतं."

तर त्यांच्या कागदावर आमच्या घरात बेकार एकही नाही. हे ऐकून अब्बांना बरं वाटलं. "देख," म्हणाले, "तेरे बाप के पास काम है."

३ नोव्हेंबर

आज अब्बांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कसा, ते लिहून ठेवते.

जुन्या गाद्या उसवून, तोच कापूस पिंजून पुन्हा भरणं हेही आमचंच काम. थंडीच्या तोंडावर लोक तशा गाद्या आणतात. आमच्यात एक रीत आहे. गादी उसवण्याआधी पिंजाऱ्यानं विचारायचं, "यावर कुणी गेलं का?" कुणी त्या गादीवर प्राण सोडला असेल तर तो कापूस पिंजायचा नाही. दादा, म्हणजे अब्बांचे वडील, विचारायचे, त्यांचे अब्बा विचारायचे. गिऱ्हाईक हाकलायला याहून चांगला प्रश्न सापडणार नाही.

आज औशाकडून एक माणूस रिक्षात चार गाद्या घालून आला. कितीतरी दिवसांनी आलेलं काम. अब्बांनी विचारलं. तो म्हणाला, "एकीवर आई गेली. कोणती ते आता सांगता येत न्हाई." अब्बांनी चारही परत केल्या. वर त्याला पाणी दिलं, आईबद्दल दोन शब्द बोलले.

मला राग आवरेना. शिवणकाम करणारी केवळाबाई उंबऱ्यात बसलेली. ती पण मार्चपासून रिकामी. काम आलं का बघायला रोज येते आणि सुई-दोरा हातात धरून बसते. मी म्हटलं, "बघा, हातचं काम घालवलं."

तर ती अब्बांचीच बाजू घेते. "न्हाई बाई, मालकाचं बराबर हाय. त्या कापसात जीव अडकतो."

"मग बसा उपाशी."

"बसलोच की." आणि मग तिचं भूकंपाचं पुराण. ती किल्लारीकडची. "भूकंपात घरं पडली, पर कामं उभी ऱ्हायली बघ. गवंडी, बिगारी, कुनाला सवड नव्हती. ह्या टायमाला घरं हायेत तशी हायेत अन् कामंच भुईसपाट. पडलेलं दिसत न्हाई म्हनून कुनी उचलायला बी येत न्हाई."

अर्थशास्त्रज्ञ उंबऱ्यावर बसतात आमच्याकडे.

१२ फेब्रुवारी २०२१

क्लास सुरू झाले. मी इस्त्रीचा सलवार-कमीज घालून जाऊन आले. माझ्या खुर्चीत बारावी झालेली एक मुलगी बसली आहे, माझ्यापेक्षा निम्म्या पगारात. पालकांना सांगत होती, "तुमचा मुलगा खूपच हुशार आहे." मुलगा नाकात बोट घालून उभा होता.

१९ मार्च

क्लास पुन्हा बंद. मला थोडं बरं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून दिवसभर वाईट वाटलं.

२६ एप्रिल

सिद्धरामअप्पांचं मुलींचं वसतिगृह प्रशासनानं कोविड केंद्रासाठी घेतलं आहे. अप्पांची तीन वसतिगृहं. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांना वाळू पुरवत होते, त्या वाळूतून ही वसतिगृहं उगवली असं लोक म्हणतात. दरवर्षी त्यांच्या सगळ्या गाद्या आमच्याकडून जातात. आज पेपरात केंद्राचा फोटो आला. रांगेनं माणसं झोपलेली, खाली आमच्याच गाद्या. जाड निळ्या पट्ट्यांची खोळ. ते कापड अब्बा सोलापूरहून फक्त अप्पांसाठी मागवतात. अब्बांनी पेपर डोळ्यांजवळ नेऊन फोटो पाहिला आणि घडी घालून ठेवला.

संध्याकाळी कळलं, तिथला वॉचमन ग्यानोबा गेला. दरवर्षी आमच्या गाद्या तोच उतरवून घ्यायचा आणि "निजामभाई, यंदा माझ्या पोरासाठी एक जादा टाका" म्हणायचा. ज्या फाटकावर स्टूल टाकून बसायचा त्याच फाटकातून रुग्ण म्हणून आत गेला. मोठ्या दवाखान्यात हलवायचं होतं. गाडी येईपर्यंत तिथंच संपला. तिथं गेलेला तो काही पहिला नाही म्हणे.

अब्बा जेवले नाहीत. मी हात धुऊन धुऊन कातडी सोलून घेतली आहे. भीती वाटते. वाटते असं लिहिलं की थोडी कमी होते, असं एका मासिकात वाचलं होतं. होत नाही.

१४ सप्टेंबर

केंद्र बंद झालं. तिथं कंत्राटावर घेतलेल्या नर्स, सफाईवाले, संगणकावरच्या मुली, सगळ्यांना एका दिवसात घरी पाठवलं. लाटेबरोबर आलेल्या नोकऱ्या लाटेबरोबर गेल्या. त्यांच्यावर टाळ्या वाजवणारे आपापल्या बाल्कन्यांत कपडे वाळत घालतायत.

५ ऑक्टोबर

पेपरात पहिल्या पानावर: 'लातूरची बाजारपेठ पूर्वपदावर'. खाली कपड्याच्या दुकानातल्या गर्दीचा फोटो. आमच्या लेनचा फोटो घ्यायला कुणी आलं नाही. दोन मेस बंद होऊन तिथं भंगारवाला आलाय. झेरॉक्सवाला मुरुडला परत गेला. बिलालनं हातगाडी विकून भाड्याचा टेम्पो धरला. याला पूर्वपद म्हणतात.

मी पाठवलेल्या अर्जांना उत्तर नाही. टाळेबंदीतल्या काळापुढे मी 'अनुभव नाही' असं स्पष्ट लिहिते. बाकी सगळे 'ऑनलाइन अध्यापन' लिहितात.

२३ ऑक्टोबर

आज सिद्धरामअप्पा स्वतः दुकानात आले. वसतिगृहं दिवाळीनंतर सुरू करणार. ते कापसाच्या ढिगावर बसले, अब्बा खाली. मी चहा घेऊन गेले तेव्हा बोलणं चालू होतं.

"नव्या कापसाचा भाव बघितला का, निजामभाई? कधी नव्हं इतका चढलाय. त्यात माझी वसतिगृहं दोन वर्षं रिकामी. कुठून आणू? माल गोदामात पडून हाय. उसवा, पिंजा, खोळ नवी चढवा. तुमच्या बायांना काम मिळंल. न्हाईतर मी नांदेडहून फोमच्या आणतो, विषय संपला."

अब्बांच्या चहावर साय धरली. मग अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही शिकलेली ना? काय करते सध्या?"

मी तोंड उघडणार तोच अब्बा म्हणाले, "तिला ह्यात नका आणू."

"ह्यात म्हंजे? मुलींच्या वसतिगृहाला रेक्टर लागती मला. शिकलेली, घरंदाज. ऱ्हायची सोय, महिन्याचा पगार. तुम्ही तुमचा इचार करा, मी माझा करतो."

अप्पा गेले. अब्बा तसेच बसून. मला भयंकर राग आला. दीड वर्षात पहिल्यांदा कुणी मला काही विचारलं, आणि माझ्या बापानं मध्ये हात घातला. मी म्हटलं, "मी जन्मभर ह्या कापसात कुजावं अशी तुमची इच्छा आहे का?"

त्यांनी माझ्या केसांतून कापसाचा एक तुकडा काढला आणि बोटांत चोळत राहिले.

२४ ऑक्टोबर

अब्बांनी सकाळी अप्पांना हो कळवलं. फोनवर एवढंच म्हणाले, "तुमच्या दोन्ही गोष्टी कबूल."

दोन्ही म्हणजे पिंजणं आणि खोळी, असणार.

२८ ऑक्टोबर

पहाटेच बिलालच्या टेम्पोतून गाद्या येतात. दुकानात नाही, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. केवळाबाई आणि तिच्यासारख्या कितीतरी जणी पुन्हा कामाला लागल्या. दीड वर्षानंतर यंत्राचा आवाज. बायांची मजुरी आधीपेक्षा कमी ठरली आहे आणि कुणी हूं की चूं केलं नाही. पोटानं शिकवलेली अर्थव्यवस्था.

गाद्या कसल्या, हे मी अब्बांना विचारलं. "गोदामातल्या," म्हणाले. पोरं पहिल्या टाळेबंदीत टाकून गेली त्या असतील. वर्षभर उंदरांनी संसार केला असेल त्यांत. कोविड केंद्रातल्या गाद्यांचं काय झालं, हे मी परवा अप्पांच्या मुनीमजींना मुद्दाम फोन करून विचारलं. ते म्हणाले, "त्या जाळल्या, मॅडम." मॅडम म्हणाले. मी अशा गोष्टी विचारून घेते. विचारल्याशिवाय झोप लागत नाही.

एक नोंदवण्यासारखं. आज अब्बांनी तो प्रश्न विचारला नाही. टेम्पो आला, गाद्या उतरल्या, सरळ उसवायला घेतल्या. केवळाबाईनं पदर नाकाला बांधता बांधता विचारलं, "मालक, इचारलं का?"

अब्बा म्हणाले, "शिव तू."

"पर इचारलं का?"

"केवळाबाई, काम पायजे का न्हाई?"

ती सुईत दोरा ओवायला लागली. चला, अखेर अब्बांचा अडाणीपणा सुटला. त्याला महामारी यावी लागली.

६ नोव्हेंबर

काही सुटलेलं नाही, नवे प्रकार सुरू झालेत. अब्बा शेडमधून आले की मागच्या मोरीत आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नाहीत. अम्मीला आणि मला तिकडे येऊ देत नाहीत. जेवणाचा डबा शेडच्या दारात ठेवायचा. तोही अर्धा परत येतो.

आणि उसवलेल्या खोळी ते जाळतात! चांगलं जाड कापड, निळ्या पट्ट्यांचं. भंगारवाला दारात येऊन मागत होता, त्याला हाकललं. सगळ्या लेनमध्ये धूर. मी म्हटलं, "धुवून विकल्या असत्या." अब्बा काठीनं आग सारखी करत राहिले. डोळे लाल. डोळ्यांत धूर जातो तरी तिथंच उभे राहतात. अशा माणसाला धंदा कोणी शिकवायचा?

११ नोव्हेंबर

आज अप्पांनी मला मुलाखतीला बोलावलं. रात्रभर उत्तरं पाठ केली होती. आधी वाटायचं, हा वाळूवाला शेठ. पण माणूस जाणकार आहे. माझी गुणपत्रिका पाहिली. प्रथम श्रेणी वाचून मान हलवली. "शिस्त लावशील ना?" मी म्हटलं, "मी नियम सर्वांना सारखा ठेवते." "शाब्बास."

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाच्या मुलाखती झाल्या का?" म्हणजे उगाच ओळखीनं मिळालं असं नको. अप्पा हसले. "निजामभाईंचं अन् माझं बोलणं झालंय, पोरी. ते त्यांचं काम करून राहिले, मी माझा शब्द पाळून राहिलो." गाद्यांचं म्हणत होते. म्हातारी माणसं एका विषयावरून दुसऱ्यावर जातात.

टेबलावर नव्या वर्षाचं जाहिरातपत्रक होतं. त्यात 'सर्व गाद्या नवीन'. नोकरी जाईल की काय वाटलं, पण मी बोलले. "अप्पा, हे खरं नाही. कापूस जुना आहे." ते माझ्याकडे बघतच राहिले. मुनीमजी खोकले. शेवटी मी सुचवलं, 'नव्याने भरलेल्या गाद्या'. अप्पा म्हणाले, "हां, हे लई झ्याक. लिहा तसं." लगेच बदललं!

नोकरी मिळाली. आणि एक अक्षर खोटं न बोलता मिळाली. अब्बांना घरी येऊन हे सांगितलं. ते अंगणात हात धूत होते, धूतच राहिले. म्हटलं, "आनंद नाही का झाला?" म्हणाले, "हुआ ना, बेटा. बहोत हुआ." चेहरा असा, जसं कुणी वारलंय.

माझं यश यांना सोसत नाही.

१८ नोव्हेंबर

बिलाल दारात आला. मी उभीच.

"सदफ, तू त्या हॉस्टेलात ऱ्हायला जाऊ नको."

"का?"

"गाद्या मी उचलल्यात. कुठून उचलल्या, इचार मला."

"मला टेम्पोच्या फेऱ्यांत रस नाही."

"गोदाम न्हाई ते. इचार तर खरं."

"बिलाल, मला नोकरी लागली हे तुला बघवत नाही. सरळ सांग की."

त्याचं तोंड उतरलं. टेम्पोची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. मग म्हणाला, "फुप्पाजींनी माझ्याकडून शपथ घेतलीय, म्हनून माझ्या तोंडानं निघत न्हाई. तू इचारलं असतं तर निघालं असतं. बरं. त्यांना एवढं तरी इचार, ते जेवत का न्हाईत." आणि गेला.

अब्बा आणि बिलाल यांच्यात शपथा घेण्यासारखं काय असतं, ते मला ठाऊक आहे. लग्नाचं. मी पगारावर लागले की नाही म्हणणार, हे दोघांना कळलंय. बरोबर कळलंय.

२७ नोव्हेंबर

परवा जायचं. बॅग भरून झाली. दुपारभर अब्बा दुकानाचं दार लोटून आत होते. आतून टुंग, टुंग असा आवाज. भिंतीवर टांगलेलं दादांचं पिंजण त्यांनी उतरवलं होतं, ते धनुष्यासारखं, तात लावलेलं. यंत्र असताना हातानं कापूस पिंजत बसलेत. अम्मी म्हणाली, ते पिंजण तिनं लग्नानंतर एकदाच चालताना पाहिलंय, मी पोटात असताना.

शेडमध्ये कामं खोळंबलीत आणि यांचे हे छंद.

२९ नोव्हेंबर

सगळं सविस्तर लिहिते, कारण आज माझा रेक्टर म्हणून पहिला दिवस.

सकाळपासून मुली येत होत्या. फाटकाशी रिक्षा, पेट्या, लोणच्याच्या बरण्या. दोन वर्षांनी पुन्हा तेच दृश्य, पण पोरींच्या तोंडावर तो डॉक्टर झाल्याचा भाव नव्हता. शिकायचं विसरल्यासारख्या दिसत होत्या. जळकोटकडची एक आई, शरणम्मा म्हणून, पोरीच्या खोलीतली गादी दाबून बघत होती. "बाई, नवी हाय का?" मी सांगितलं, "नव्याने भरलेली आहे." ती "बरं बाई, तुम्ही म्हंता म्हंजे असंल" म्हणाली आणि गादीवर आपल्या हातानं चादर घातली. किती साधं असतं खरं बोलणं.

मी फळ्यावर पहिला नियम लिहिला: येथे सर्वांना सारखी सोय. रेक्टरसुद्धा.

आणि नेमके तेव्हाच अब्बा आले. डोक्यावर गादी. लाल खोळ, फुगलेली, पांढरी शिवण. टेम्पो असताना रस्त्यानं डोक्यावरून आणली, बाजारातून, सगळ्यांनी बघावी अशी. मुली कठड्याशी जमल्या. दोघी हसल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं.

"ही तुझी," अब्बा धापा टाकत म्हणाले. "नवा कापूस आहे. हातानं पिंजलाय. तिथली काढून टाक."

मी फळ्याकडे बोट दाखवलं. मग लक्षात आलं त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. "मुलींना एक आणि मला एक, असं चालणार नाही."

"बाकी सगळ्यात नियम पाळ. ह्यात नको."

"लोक काय म्हणतील? पिंजाऱ्याची पोरगी बापाच्याच हातच्या गाद्यांवर झोपत नाही, म्हणजे त्यांत काहीतरी खोट आहे."

अब्बांनी मागे वळून पाहिलं. भोवती पालक होते, शरणम्मा होती, तिची पोरगी होती. अब्बा त्या पोरीकडे बघत राहिले. मग माझा हात धरला. शाळेत पहिल्या दिवशी सोडायला आले तेव्हा धरला होता, तसा. "बेटा, एवढं ऐक. मी कधी काही मागितलं का?"

मी हात सोडवून घेतला. इतक्या लोकांत! म्हटलं, "अब्बा, तमाशा नको."

"मग जमिनीवर झोप. चटईवर. थंडी आहे, मी रजई आणतो."

मला हसूच आलं. रेक्टर, आणि चटईवर! त्यांनी गादी पुन्हा डोक्यावर घेतली आणि जिना उतरले. फाटकाशी ग्यानोबाचं जुनं स्टूल अजून तसंच आहे, नवा वॉचमन खुर्ची वापरतो. गादी भिंतीला टेकवून अब्बा त्या स्टुलासमोर उभे राहिले. बसले नाहीत. उपरण्यानं ते पुसलं, आणि पुसून झाल्यावरही हात त्यावर तसाच ठेवून उभे. दमले असतील. या वयात एवढं ओझं आणायला सांगितलं होतं कुणी?

वरून हाक मारावी असं एकदा वाटलं. पण मुली बघत होत्या, आणि पहिल्याच दिवशी नियम मोडला तर उद्या कोण पाळणार? थोड्या वेळानं पाहिलं तर गेले होते.

खोली छोटी आहे, पण माझी आहे. आरशात पाहिलं, केसांत कापूस नाही. जेवण झाल्यावर जरा आडवी झाले. गादी मात्र मऊ आहे, एवढं मान्य करायला हवं. अब्बांचा हात अजून चांगला आहे.